कोळी ओळखणारे आमचे भावजी

आमच्या भावजींना गल्लीत कुणी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. दुकानात ते काचवाले, पोरासोरांत आठडोळे, आणि मी रागात असले की माझ्या तोंडून जे निघायचं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. माझं तोंड पहिल्यापासून फाटकं. लग्न होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हात जोडून सांगितलं होतं, "मला काय वाट्टेल ते बोल, पण धाकट्याला सांभाळून घे." घेतलं सांभाळून. सतरा वर्षं घेतलं. त्याचं पुढं काय झालं तेच सांगायला बसले आहे.

हे गवंडी. भिंतीला गिलावा करण्यात ह्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आई-वडील एकाच वर्षी गेले तेव्हा हे सोळा वर्षांचे होते आणि भावजी नऊ. ह्यांनी शाळा सोडून थापी हातात घेतली आणि धाकट्याला शिकवायचा चंग बांधला. भावजी शिकले नाहीत ते नाहीतच. वर्गात बसून खिडकीबाहेर बघायचे आणि घरी येताना खिशात काहीतरी चालणारं, वळवळणारं घेऊन यायचे. शेवटी ह्यांनी त्यांना काच कापायच्या दुकानात चिकटवून दिलं. तिथं मात्र त्यांचा जम बसला. काचेवर रेघ मारून टिचकी दिली की तुकडा सरळ हातात यायचा. मालकसुद्धा गिऱ्हाइकाला थांबवून ते बघायला लावायचा.

आम्हाला मूलबाळ झालं नाही. ह्यांचं लेकरू म्हणजे वरच्या खोलीतला तो भाऊ. खाली आमच्या दोन खोल्या, मागं मोरी, आणि अरुंद जिना चढून गेलं की भावजींची खोली. खोली कसली, प्राणिसंग्रहालयच. दुकानातले उरलेले तुकडे आणून ते पेट्या चिकटवायचे. फळ्यांवर ओळीनं बावीस पेट्या आणि एका पेटीत एक कोळी. दोन एकत्र ठेवले की सकाळी एकच उरतो आणि तो चांगला पोसलेला असतो, हे मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात डोळ्यांनी बघितलं आणि त्या दिवशी जेवले नाही.

पेटी लावायची त्यांची रीत होती. तळाला खडे, वर कोळशाचा चुरा, त्यावर चार बोटं माती आणि रेती कालवून. एका बाजूला शेवाळ आणि फर्न लावून ओल धरायची, दुसरी बाजू कोरडी, तिथं झाडाच्या सालीचा एखादा तुकडा. बाटलीच्या झाकणात पाणी आणि पाण्यात बारीक खडे, नाहीतर कोळी बुडून मरतो. मातीत पेन्सिल खुपसून एक भोक करून द्यायचे, पुढचं बीळ तो स्वतः कोरून घ्यायचा. वर जाळीचं झाकण. गवताचं पातं वाढून झाकणाला टेकायला लागलं की कात्रीनं छाटायचे. "गुळगुळीत काचेवर त्यांचा पाय ठरत नाही, वहिनी. पात्याचा जिना मिळाला की मात्र संपलं." आणि ह्या लाडक्यांना खायला म्हणून रातकिड्यांचा वेगळा डबा. किड्यांसाठी किडे पाळणारं घर माझ्या नशिबी आलं होतं. माहेरी मी हे कधी बोलले नाही. सांगितलं असतं तर आई मला न्यायला आली असती.

भावजींचं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. दुसऱ्या वेळी सगळं जुळत आलं होतं, पण मुलीच्या मामांना वरची खोली बघायची हुक्की आली. ते खाली आले ते सरळ चपलांकडे गेले. मी भावजींवर इतकी ओरडले की शेजारची नळवाल्याची बायको काय झालं म्हणून धावत आली. भावजी जिन्यावर बसून म्हणाले, "मामांचं खरं आहे, वहिनी. मी तिला काय दाखवणार होतो, हेच ना?" त्यांच्यावर जास्त वेळ रागावता यायचं नाही, हीच तर मोठी पंचाईत होती.

पाळायचे ते फक्त लांडगा कोळी. हा कोळी जाळं विणत बसत नाही, धावून जाऊन भक्ष्य पकडतो, म्हणून त्याचं नाव लांडगा. एकदा मी म्हणाले, कोळी तेवढे सगळे सारखेच, त्यात काय ओळखायचं. झालं! त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं आणि पेटीपुढं बसवलं. "तोंडाकडं बघा. खाली चार बारीक डोळे एका ओळीत. त्यांच्यावर दोन मोठे, टपोरे. आणि त्यांच्या मागं, डोक्यावर, आणखी दोन. चार, दोन, दोन. असं बसलं की लांडगा. रंगावर जायचं नाही, रंग फसवतो." मग दिवेलागणीला मागच्या पडीक जागेत घेऊन गेले आणि बॅटरी कानशिलाला लावून गवतावर धरायला सांगितली. बाई गं, सगळं गवत हिरव्या ठिणग्यांनी भरलेलं! एक एक ठिणगी म्हणजे एक एक कोळी माझ्याकडं बघत होता. मी बॅटरी टाकून घरी पळाले. हे आठवडाभर हसत होते.

आणि खोटं का बोलू, मलाही नाद लागला होता. मादी अंड्यांचा पांढरा गोळा पाठीमागं चिकटवून हिंडायची, आणि पिल्लं बाहेर आली की सगळीच्या सगळी तिच्या पाठीवर चढून बसायची. भावजी दुकानातून येईपर्यंत मी वर जाऊन मोजायचा प्रयत्न करायचे. कधी मोजून झाली नाहीत. हे मी भावजींना कळू दिलं नाही, नाहीतर रातकिड्यांचा डबाही माझ्याच गळ्यात पडला असता.

गल्लीत कुणाच्या घरी कोळी निघाला की पेल्यात झाकून, बाटलीत भरून आमच्याकडं यायचा. "आठडोळे आहेत का घरात?" भावजी भिंग लावायचे, क्षणभर बघायचे आणि सांगायचे, "लांडगा आहे. काही करत नाही. सोडून द्या." विषारी असला तर तेही सांगायचे, पण तसं दोनदाच झालं. दूरच्या एका संग्रहालयात कोळ्यांवर शिकलेल्या एक मॅडम होत्या. भावजी मेलेला कोळी स्पिरिटच्या बाटलीत घालून त्यांना पाठवायचे, बरोबर आपलं मत लिहायचे. मॅडमची पत्रं यायची. चौदा पत्रं, आणि चौदाही पत्रांत तेच, की तुमची ओळख बरोबर आहे. शाळेत ज्यांच्या वहीवर कधी बरोबरची खूण आली नाही, त्यांना ह्या पत्रांचं काय वाटत असेल ते समजून घ्या. नवीन पत्र आलं की हे ते खिशात घालून कामावर न्यायचे आणि मजुरांना वाचून दाखवायचे.

आता मुद्द्याचं. लग्नाच्या सतराव्या वर्षी एक मादी पेटीतून निसटली आणि माझ्या पिठाच्या डब्यात निघाली. पातं छाटायचं राहिलं होतं. मी सगळं पीठ बाहेर नेऊन फेकलं आणि जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून दोघा भावांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आता ह्यापुढं एक जरी कोळी माझ्या खोलीत दिसला, तर बावीसच्या बावीस पेट्या मी उकिरड्यावर नेऊन आपटीन. एक ठेवणार नाही." मी बोलते तसं करते, हे दोघांनाही ठाऊक होतं. भावजी त्या दिवसापासून रोज दोनदा झाकणं तपासायला लागले. ते खोलीत गेले की कात्रीचा आवाज यायचा.

दोन महिन्यांनी एका सकाळी हे उठले आणि उजव्या पायाची नडगी चोळत बसले. बघते तर नडगीवर लाल चट्टा, मध्ये एक छिद्र पडल्यासारखं, भोवती सूज. "काहीतरी चावलं वाटतं," हे म्हणाले. मी पांघरूण झटकलं, आणि त्यातून टप्पकन कोळी पडला.

मी पेला उपडा टाकला त्याच्यावर. इतकं मला येत होतं. मग मी जी सुरू झाले! "भावजी, खाली या! या बघा तुमचा लाडका! माझ्या अंथरुणात! माझ्या नवऱ्याला फाडून खाल्लं मेल्यानं! आज पेट्या जाणार म्हणजे जाणार!" नळवाल्याची बायको आली, समोरचा शिंपी आला, दाराशी सात-आठ माणसं जमली. भावजी जिना उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हातात भिंग होतं. हे स्टुलावर बसले होते, पाय पुढं सोडून.

भावजींनी पेला उचलून कोळी बाटलीत घेतला आणि खिडकीशी गेले. आम्ही सगळे त्यांच्यामागं. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मी त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "लांडगाच आहे. चार, दोन, दोन, ज्याला बघायचं त्यानं बघा. पण नर आहे. तोंडाशी दोन जाड गोळे दिसतात ना, हातमोजे घातल्यासारखे? ते फक्त नराला. माझ्याकडं ह्या जातीच्या सगळ्या माद्या आहेत. हा बाहेरचा, मादी शोधत हिंडणारा. आणि लांडगा चावला तरी मुंगी चावल्याइतकंच. असं छिद्र पडत नाही, असा चट्टा येत नाही. वहिनी, हे ह्याचं काम नाही." त्यांनी वर नेऊन आम्हाला बावीस पेट्या मोजून दाखवल्या. प्रत्येकीत एक होता. शिंप्यानं मान डोलावली. नळवाल्याची बायको भिंगातून बघून म्हणाली, "अगं बाई, खरंच की गं, चार, दोन, दोन."

मीही बघितलं. मलाही पटलं. आता सांगते, ते सगळं खरं होतं. एक अक्षर चुकलं नव्हतं. फक्त आम्ही सगळे खिडकीशी कोळ्यावर वाकलो होतो आणि माझा नवरा पाठीमागं स्टुलावर पाय धरून बसला होता. कोळ्यानं केलं नाही तर मग कशानं केलं, हे एकानंही विचारलं नाही. भावजींनी नाही आणि मीही नाही. मी भांडणात हरले म्हणून फुगले होते.

हे मात्र खूश. "सुटला की नाही आरोपी?" म्हणून हसले आणि पायाला फडकं बांधून कामावर गेले.

दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजला. हात लावला तर चटका बसेल असा गरम. अंगात ताप. मी म्हणाले, चला हॉस्पिटलात. हे म्हणाले, "उद्यापर्यंत उतरेल."

"उद्या-बिद्या काही नाही. उठा."

"ऐक जरा." ह्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि आवाज बारीक केला. "तिथं गेलं की पहिलं विचारणार, काय चावलं? गल्ली ओरडून सांगेल, कोळी. ते कागदावर लिहिणार. मग गल्लीवाले त्याला पेट्या ठेवू देतील का? तू ठेवू देशील का? त्याच्याकडं दुसरं आहे काय गं?"

मला संताप आला. मी म्हणाले, पाय तुमचा आणि काळजी कोळ्यांची, देवानं तुम्हा भावांना अक्कल वाटताना झोप काढली होती. आणि वर जाऊन भावजींना ओढून आणलं. वाटलं, भावजींनी सांगितलं तर हे ऐकतील. भावजींनी फडकं सोडून पाय बघितला. पाय बघितला म्हणजे काय, डोळे पायावर होते आणि मन त्या बाटलीवर. म्हणाले, "वहिनी, लांडगा कोळ्यानं एवढं होतच नाही. मी पुस्तक आणून दाखवतो. त्याचं विष माणसाला बाधत नाही. उतरेल हे." पुस्तक आणलंही. मला पानावर बोट ठेवून दाखवलं.

मी पुस्तक भिरकावून दिलं. पण हॉस्पिटलात नेलं नाही. मी ठरवते ते करते, असं म्हणणारी मी, त्या दिवशी दोघा भावांपुढं गप्प बसले. मनात कुठंतरी होतंच की भावजी आजवर चुकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. पायावरची लाली मांडीपर्यंत चढली होती. मग बोलणं भरकटलं. उजवा हात हवेत वर-खाली फिरवायला लागले. मला आधी कळेना, मग कळलं, थापी फिरवत होते. समोर नसलेल्या भिंतीला गिलावा करत होते, आणि मध्येच म्हणायचे, "कोपरा राहिला." शिंप्यानं गाडी आणली. भावजींनी ह्यांना पाठीवर घेतलं आणि उचलून गाडीत घातलं.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होत्या. पाय बघून त्यांचा चेहराच उतरला. "कधीपासून आहे हे?"

"तीन दिवस."

"आणि आज आणता?" त्या माझ्यावर खेकसल्या. माझ्यावर कुणी खेकसलं की मी दुप्पट खेकसते. त्या दिवशी मी नुसतं ह्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

भावजी मागून म्हणाले, "अंथरुणात कोळी सापडला होता. पण तो लांडगा कोळी होता, मॅडम. विषारी नव्हता. मी तपासला."

डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघितलं. "कोळ्याचा काय संबंध? जखमेतून जंतू आत गेलेत. आता रक्तात पसरलेत. आधी कुठं खरचटलं होतं का?"

भावजी माझ्याकडं बघायला लागले. आणि मला आठवलं. चार-पाच दिवसांपूर्वी ह्यांची कामाची पँट धुतली होती मी. नडगीपाशी फाटलेली, रक्ताचा ठिपका. हे म्हणाले होते, परांचीची गंजकी तार लागली. मी ठिपका घासून काढला आणि पँट शिवून ठेवली. मीच धुतली, मीच शिवली, आणि दोन-तीन दिवसांनी तिथंच चट्टा उठला तेव्हा कोळी-कोळी म्हणून बोंबलत गल्ली गोळा केली.

"पहिल्या दिवशी आणलं असतं तर गोळ्यांवर निभावलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी हे गेले. वय त्रेचाळीस.

ह्यांना पोचवून आलो. माणसं निघून गेली. भावजी ओट्यापाशी उभे होते, हातात पाण्याचा पेला, बहुतेक माझ्यासाठीच आणलेला. मी त्यांच्याकडं बघून म्हणाले, "तुमचा कोळी निर्दोष सुटला, भावजी. आता तरी खूश ना?"

पेला त्यांनी माझ्यापुढं ठेवला आणि वर गेले. असं बोलून मला बरं वाटलं, हे कबूल करते. पाच मिनिटं बरं वाटलं. पँटचं मी त्यांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

मी त्यांना पेट्या काढा म्हटलं नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच सुरू केलं. एक पेटी उचलायची, जिना उतरायचा, पडीक जागेत जाऊन आडवी करायची आणि कोळी बाहेर पडेपर्यंत तिथं उकिडवं बसायचं. मग रिकामी पेटी घेऊन परत. बावीस खेपा केल्या. काही कोळी निघायलाच तयार नसत, बिळात बसून राहत. त्यांच्यासाठी भावजी तासतासभर बसून होते. शेवाळ वाळलं, फर्न वाळले. पेट्या त्यांनी दुकानात नेऊन फोडल्या आणि काचेच्या ढिगात टाकल्या. मॅडमची दोन पत्रं आली, ती त्यांनी उघडलीच नाहीत. आम्ही दोघं एका घरात राहत होतो, ते कामावर जायचे, मी ताट वाढायचे, आणि बोलणं म्हणाल तर मीठ द्या, पाणी घ्या, एवढंच. गल्लीत कुजबुज झाली, एकट्या बाईनं दिरासोबत एका घरात राहावं का म्हणून. मी दारात उभी राहून एकदाच उत्तर दिलं. पुन्हा कुणी बोललं नाही.

पुढं वर्ष गेलं. लोकांनी कोळी आणायचं बंद केलं होतं. एका दुपारी नळवाल्याची बायको पदराखाली बाटली धरून आली. उजव्या हाताचं बोट टम्म फुगलेलं. "आठडोळे, जरा बघता का हो? मोरीत हात घातला तेव्हा काहीतरी टोचलं, आणि हा तिथंच होता. तुम्ही म्हणालात तर सोडून देते."

मी दारातच होते. बाटली माझ्याच हातात आली आधी. मादी होती. पाठीवर पिल्लांचा थर, इतका दाट की तिचा रंग दिसत नव्हता. मी बाटली उजेडाकडं वळवली आणि तोंड बघितलं. मला आता भिंग लागत नाही. चार, दोन, दोन.

भावजींनी बाटली घेतली आणि न बघता खाली ठेवली. "बोट दाखवा," म्हणाले. बोट त्यांनी दोन्ही हातांत धरून उजेडात सगळ्या बाजूंनी बघितलं. मनगटापर्यंत बघितलं. बगलेत दुखतं का विचारलं. मग म्हणाले, "विषारी आहे हा कोळी. फार विषारी. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा."

"अगं आई गं!" ती भिंतीला जाऊन टेकली. "मग मारा ना त्याला! पिल्लंसुद्धा आहेत मेलीला, सगळी विषारी! मारा आधी, मी गेल्यावर सोडाल तुम्ही!"

ती हलेना. भावजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग बाटलीचं झाकण काढलं, बाटली जमिनीवर उपडी केली आणि मादी बाहेर आल्याबरोबर चपलेनं चिरडली. पिल्लं सगळ्या दिशांना पसरली. शंभर असतील, जास्त असतील. नळवाल्याची बायको किंचाळली. भावजी त्यांच्यावर पाय आपटत राहिले, एकेक, एकेक, आणि त्यांच्या तोंडातून काहीतरी आवाज येत होता, तो शब्द नव्हता.

मी तिच्या पायात चपला सरकवल्या आणि तिला घेऊन गेले. रांगेत दोन तास बसलो. डॉक्टरांनी बोटातून लाकडाची फास, कुसळासारखी बारीक, काढली, पू पिळून टाकला, पट्टी बांधली आणि गोळ्या दिल्या. बरं झालं लगेच आलात, असंही म्हणाल्या. ती बाई सगळ्या वाटेनं सांगत होती, आठडोळ्यांनी ओळखला म्हणून वाचले, एक नजर टाकली आणि ओळखला.

आले तर भावजी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. जमीन पुसून घेतलेली होती.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"फास गेली होती. काढली. बरी आहे ती."

त्यांनी मान डोलावली. मला रडू फुटलं, आणि हे गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांच्या शेजारी बसले. पँटचं सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "लांडगाच होता तो, भावजी. मी बघितला."

"असेल," भावजी म्हणाले. "मला आता कोळी ओळखता येत नाहीत, वहिनी. तुम्हीही कुणाला सांगू नका."